व्हेराक्रिप्ट कंटेनर : चारजणांच्या कॉम्प्युटरवर आपल्या खासगी फायली

व्हेराक्रिप्ट हे फायली एन्क्रिप्ट करून, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाहीत अशा करून, ठेवायचं फुकट सॉफ्टवेअर आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं आणि सोर्स कोड उघडा आहे. घरातला एकच पीसी, ऑफिसात शिफ्टप्रमाणे माणसं बदलणारं मशीन, अशा ठिकाणी मेडिकल रिपोर्ट, बँकेची स्टेटमेंट, वकिलाशी झालेला पत्रव्यवहार ठेवायचा असेल तर हे फार कामाचं आहे. "लपवण्यासारखं आहे काय तुझ्याकडे" असं घरात सहज विचारलं जातं, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सांगितलंय, आणि माझ्या मते तो हक्क घराच्या दारापाशी संपत नाही.

बहुतेकांना वाटतं की विंडोजला लॉगिन पासवर्ड टाकला म्हणजे झालं. तसं नसतं. लॉगिन पासवर्ड फक्त चालू असलेल्या विंडोजला सांगतो की कोणाला आत घ्यायचं, डिस्क वेगळी एन्क्रिप्ट केलेली नसेल तर तिच्यावरच्या फायली तशाच उघड्या पडलेल्या असतात, कोणीही लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं की सगळं वाचता येतं, आणि ज्याच्याकडे अॅडमिनचं अकाउंट आहे त्याला तर तेवढीही खटपट करावी लागत नाही. फोल्डर हिडन करणं म्हणजे तर काहीच नाही, सेटिंगमध्ये एक टिक केली की दिसतो. विंडोजचाच बिटलॉकर पूर्ण ड्राइव्ह एन्क्रिप्ट करतो, लॅपटॉप चोरीला गेला तर त्याचा मोठा उपयोग, पण मशीन एकदा उघडलं की ते सगळ्यांसाठीच उघडलेलं असतं. म्हणजे त्याच कॉम्प्युटरवर बसणाऱ्या दुसऱ्या माणसापासून, खास करून अॅडमिनपासून, तो वाचवत नाही.

व्हेराक्रिप्टमध्ये आपण एक कंटेनर बनवतो. बाहेरून ती एक साधी फाइल, समजा ५ जीबीची, नाव काहीही द्या. पासवर्ड टाकून ती माउंट केली की कॉम्प्युटरमध्ये नवीन ड्राइव्ह दिसायला लागतो, त्यात फायली ठेवायच्या, उघडायच्या, एडिट करायच्या, आणि काम झालं की डिसमाउंट, म्हणजे तो ड्राइव्ह बंद. एन्क्रिप्शन चालू कामातच मेमरीत होतं, व्हेराक्रिप्ट स्वतः डिस्कवर उघडी कॉपी टाकत नाही. सुरुवातीला एईएस नावाचं एन्क्रिप्शन निवडलेलं असतं आणि ते बदलायची गरज नाही. योआन डेमेन आणि व्हिन्सेंट रेमेन या दोन बेल्जियन माणसांनी ते बनवलं आणि २००१ मध्ये ते अमेरिकेचं सरकारी स्टँडर्ड झालं. आपला पासवर्ड थेट फायलींना लागत नाही, कंटेनरच्या सुरुवातीला हेडर असतो, त्यात मास्टर की, म्हणजे फायली प्रत्यक्षात जिने एन्क्रिप्ट होतात ती किल्ली, असते, आणि पासवर्ड त्या हेडरचं कुलूप उघडतो. पासवर्डवर मुद्दाम लाखो वेळा गणित करून घेतलं जातं म्हणून माउंट व्हायला थोडा वेळ लागतो, हा वेळ म्हणजे बिघाड नाही, पासवर्डचे अंदाज मारत बसणाऱ्याला तोच वेळ प्रत्येक अंदाजाला लागतो.

व्हेराक्रिप्टच्या आधी याच कामाचं ट्रूक्रिप्ट होतं, २००४ साली आलेलं, बनवणारे कोण ते शेवटपर्यंत उघड झालं नाही. मे २०१४ मध्ये त्यांच्या साइटवर एकदम सूचना आली की हे आता सुरक्षित समजू नका, बिटलॉकरकडे जा, आणि काम बंद. लोकांना धक्काच बसला, कारण त्याच काळात वर्गणी काढून त्याच्या कोडचं ऑडिट चालू होतं, २०१५ मध्ये ते संपलं तेव्हा मुद्दाम ठेवलेलं मागचं दार काही सापडलं नाही. फ्रान्समध्ये मुनीर इद्रासी यांनी २०१३ पासूनच त्याच कोडवरून व्हेराक्रिप्ट काढलं होतं, पुढे सगळे तिकडे वळले. २०१६ मध्ये क्वार्क्सलॅब या सुरक्षा तपासणाऱ्या कंपनीने व्हेराक्रिप्टचंही ऑडिट केलं, गंभीर चुका निघाल्या आणि बऱ्याचशा १.१९ व्हर्जनमध्ये लगेच दुरुस्त झाल्या. चुका निघाल्या म्हणून घाबरायचं कारण नाही, कोणी तपासलेलंच नाही असं सॉफ्टवेअर जास्त धोक्याचं.

आता शेअर्ड मशीनवरची खरी अडचण. कंटेनर माउंट असताना तो ड्राइव्ह त्या वेळी लॉगिन असलेल्या बाकीच्या युजरनाही दिसू शकतो, म्हणजे आपण नुसतं स्विच युजर करून चहा प्यायला गेलो तर तो उघडाच राहिला. म्हणून उठायच्या आधी डिसमाउंट, प्रत्येक वेळी. सेटिंगमध्ये लॉगऑफ झाल्यावर किंवा काही मिनिटं वापर नसेल तर आपोआप डिसमाउंट करायची सोय आहे, ती चालू करून ठेवाच. दुसरं म्हणजे फाइल कंटेनरच्या आत असली तरी तिच्या खुणा बाहेर पडतात. वर्डची रिसेंट लिस्ट, टेम्प फोल्डरमधल्या कॉप्या, फोटोंचे थंबनेल, आणि मशीन हायबरनेट केलं तर मेमरीतलं सगळं, मास्टर कीसकट, डिस्कवर उतरतं. आणि मशीनवर कीलॉगर, म्हणजे टाइप केलेलं सगळं टिपून ठेवणारा प्रोग्राम, बसवलेला असेल तर कुठलंच एन्क्रिप्शन उपयोगाचं नाही, पासवर्ड टाइप करतानाच जातो, त्यामुळे ज्या कॉम्प्युटरचा अॅडमिन विश्वासाचा नाही, सायबर कॅफे तर नाहीच, तिथे कंटेनर उघडूच नये. तसंही पेनड्राइव्हवरून पोर्टेबल चालवायचं म्हटलं तरी विंडोजवर अॅडमिनची परवानगी लागते, मात्र अॅडमिनने एकदा इन्स्टॉल करून दिलं की साधा युजर आपला कंटेनर माउंट करू शकतो.

पासवर्ड २० अक्षरांच्या वर असावा असं व्हेराक्रिप्टवालेच सांगतात. चारपाच एकमेकांशी संबंध नसलेले शब्द जोडा, मुलाचं नाव आणि जन्मसाल नको, घरातल्यांना तेच आधी सुचतं. विसरलात तर परत मिळवायची सोय नाही, कंपनीला फोन करून काही होत नाही. भारतात आयटी कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार ठरावीक कारणांसाठी डिक्रिप्ट करून द्यायचा आदेश देऊ शकतं आणि मदत नाकारली तर ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हेही माहीत असावं.

एन्क्रिप्शन वाचण्यापासून वाचवतं, डिलीट होण्यापासून नाही. कोणाला ती ५ जीबीची फाइल फालतू वाटली आणि उडवली तर सगळंच गेलं, म्हणून कंटेनर डिसमाउंट करून त्याची कॉपी बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवायची. पण या कॉपीचाही एक पेच आहे. पासवर्ड बदलला तरी मास्टर की तीच राहते, त्यामुळे कोणाकडे कंटेनरची जुनी कॉपी आणि जुना पासवर्ड दोन्ही असतील तर तो नुसती जुनी कॉपीच नाही, तिच्यातला हेडर वापरून पासवर्ड बदललेला सध्याचा कंटेनरही उघडू शकतो. पासवर्ड फुटल्याचा संशय आला तर पासवर्ड बदलत बसू नका, नवा कंटेनर बनवा, फायली त्यात हलवा आणि जुना सगळ्या कॉप्यांसकट पुसून टाका.