रामटेक-मनसरचे भाजलेले दगड

नागपूर शहर दोन खडकांवर बसलेलं आहे. पश्चिमेकडे सेमिनरी हिल्सपासून पुढे सगळा काळा बेसॉल्ट. थिजलेल्या लाव्हाचा, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. पूर्व नागपुरात खोल खणलं की मात्र पट्ट्यापट्ट्यांचा नाइस नावाचा खडक लागतो, आणि त्याच्यापुढे बेसॉल्ट म्हणजे कालचं पोर. दख्खनच्या लाव्हाची पूर्वेकडची कड आपल्या शहरातूनच जाते. शाळेत ‘महाराष्ट्र म्हणजे बेसॉल्ट’ हे इतकं घोकून घेतात की पूर्व विदर्भाचे दगड कुणाच्या खिजगणतीतच नसतात. खनिजं बघायची तर तिकडेच जायला हवं.

जबलपूर रस्त्याने मनसर, रामटेक, देवलापारकडे निघालं की हे जुने खडक उघडे पडू लागतात. भूशास्त्रात त्यांना सौसर गट म्हणतात. मुळात हा समुद्रतळाचा गाळ होता: वाळू, चिखल, चुना. भूकवचाच्या रेटारेटीत तो काही किलोमीटर खोल गाडला गेला आणि सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी चांगलाच तापला, दबला. बहुतेक ठिकाणी वितळला मात्र नाही. भट्टीत विटेचंही असंच होतं. माती वितळत नाही, पण बाहेर येते ती माती उरलेली नसते. वाळूचं क्वार्ट्झाइट झालं, चुन्याचा संगमरवर झाला आणि चिखलाचा अभ्रकाने चमचमणारा शिस्ट. रामटेकच्या गडमंदिराची टेकडी भोवतालच्या सपाटीवर उठून दिसते ती क्वार्ट्झाइटच्या चिवटपणामुळे. शेजारचे मऊ खडक झिजून गेले, हा राहिला.

शिस्टचा तुकडा उन्हात जरा तिरपा धरा. अभ्रकाचे पापुद्रे लकाकतात आणि मधेमधे दोन-चार मिलिमीटरचे तांबूस दाणे दिसतात. ते गार्नेट. भिंगातून पाहिलं तर पापुद्रे दाण्याला वळसा घालून गेलेले असतात. दाणा कठीण, अभ्रक लवचीक. दाब आला तेव्हा दाणा जागचा हलला नाही, अभ्रकच वाकला. अशा चिखलाच्या खडकात गार्नेट साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या सुमारास दिसू लागतं. आणखी तापलं की स्टॉरोलाइट, त्याहून पुढे सिलिमनाइट. कायनाइट आणि सिलिमनाइटचं रासायनिक सूत्र तर एकच, पण दाब जास्त असेल तर निळसर पात्यांचं कायनाइट होतं आणि उष्णता वरचढ ठरली तर तंतूंसारखं सिलिमनाइट. खडक किती खोल गेला, किती तापला, याचा अंदाज भूशास्त्रज्ञ या खनिजांवरून बांधतात.

पण या भागाचं नाव जगभर गेलं ते मँगनीजमुळे. मनसर, कांद्री, बेलडोंगरी, गुमगाव, मग भंडारा जिल्ह्यातलं चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, पुढे बालाघाट, असा जवळजवळ २०० किलोमीटरचा कमानीसारखा पट्टा आहे. इथल्या खदानींसाठी १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट उभी राहिली. तिच्याच वारशातून १९६२ साली आलेल्या मॉइल या सरकारी मँगनीज कंपनीचं मुख्यालय आज नागपुरात आहे. पोलाद करताना त्यातला नको असलेला ऑक्सिजन आणि गंधक आवरायला मँगनीज लागतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले लुईस ली फर्मर यांनी या पट्ट्याचा कसून अभ्यास केला आणि १९०९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गाळात मँगनीज जवळपास निखळ होतं तिथे भाजल्यावर ब्राउनाइटसारखी काळी, जड धातुकं झाली. त्यात चिकणमाती आणि वाळू मिसळलेली होती तिथे स्पेसार्टिन, म्हणजे मँगनीजवालं गार्नेट, आणि क्वार्ट्झ यांचा नारिंगी-तपकिरी खडक झाला. गोंड लोकांवरून फर्मर यांनी त्याला गोंडाइट नाव दिलं, ते आजही चालतं. एक बारकावा असा की मँगनीज हाताशी असलं तर गार्नेट बऱ्याच कमी तापमानालाही तयार होतं. त्यामुळे वर सांगितलेला तापमानाचा हिशोब इथे तसाच लावून चालत नाही.

मला सगळ्यांत जास्त आवडतात ते मँगनीजचे रंग. ऑक्सिजन कमी मिळाला की त्याचं गुलाबी र्‍होडोनाइट होतं. जरा जास्त मिळाला की वाइनच्या रंगाचं पीमाँटाइट, जे इथल्या संगमरवरातही सापडतं. भरपूर मिळाला की काळा पायरोल्यूसाइट, हात माखवणारा. र्‍होडोनाइटवर तर उघड्या हवेत काळी पुटं चढतात. वरून कोळशासारखा दिसणारा गोटा फोडला की आत गुलाबी निघतो.

रामटेकजवळच्या काचुरवाहीत फर्मर यांना पायरॉक्सिन गटातलं एक खनिज मिळालं. सूक्ष्मदर्शकाखाली ते फिरवलं की गुलाबीचं निळं होतं. त्याचं नाव ब्लॅनफोर्डाइट. बेलडोंगरीच्या एका धातुकाला त्यांनी व्रेडेनबर्गाइट म्हटलं. दोन्ही नावं आज अधिकृत यादीत नाहीत. १९८८ साली पायरॉक्सिनांच्या नावांची साफसफाई झाली, तेव्हा ब्लॅनफोर्डाइट हे एगिरिन-ऑजाइट या पायरॉक्सिनचंच मँगनीज असलेलं रूप ठरलं. व्रेडेनबर्गाइट तर एक खनिजच नव्हे. जेकबसाइट आणि हाउसमनाइट ही मँगनीजची दोन खनिजं एकमेकांत विणली जाऊन ते झालंय. नियमाने बरोबरच आहे, पण नागपूरकर म्हणून जरा खट्टू व्हायला होतं.

तिकडे गेलात तर भिंगाबरोबर एक साधं चुंबकही घ्या. ब्राउनाइट त्याला जेमतेम दाद देतं, जेकबसाइट असलेला तुकडा मात्र टचकन चिकटतो. वजनानेही कळतं: तेवढ्याच आकाराच्या गारगोटीपेक्षा ब्राउनाइट पावणेदोन पट जड लागतं. खदानीच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका. शिस्टमधलं गार्नेट बघायला ओढ्याकाठचे दगडही पुष्कळ झाले.