पाळक अविवाहित पुरुषच असतो का?

शरणपूर रस्त्याने जाताना नाशिककर कोणत्याही चर्चमधील धर्मगुरूला ‘फादर’ म्हणतात आणि ते अविवाहित पुरुषच असणार असे गृहीत धरतात. हा समज कॅथलिक पंथापुरता बहुतांशी ठीक असला, तरी प्रोटेस्टंट पाळकांना, म्हणजे त्या पंथाच्या धर्मगुरूंना, तो लागू होत नाही. त्यांना ब्रह्मचर्याचे बंधन नाही. याचे उदाहरण घरचेच आहे : कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक संसारी होते आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या.

स्त्रियांबाबतही तसेच. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चमध्ये स्त्रिया दीक्षित पाळक होतात. दक्षिणेतील चर्च ऑफ साउथ इंडियाने तर 2013 मध्ये पुष्पा ललिता यांना नंद्यालच्या बिशप केले. अर्थात, सगळेच प्रोटेस्टंट पंथ हे मान्य करत नाहीत.