लेन बदल साहाय्य

लेन बदलताना शेजारून चाललेल्या किंवा मागून वेगात येणाऱ्या गाडीशी टक्कर होऊ नये म्हणून ड्रायव्हरला वेळेवर सावध करणारी, आणि काही गाड्यांमध्ये स्वतःच ब्रेक किंवा स्टीअरिंग वापरून गाडी परत लेनमध्ये आणणारी यंत्रणा. बोलताना सगळे सरसकट ब्लाइंड स्पॉट मॉनिटर म्हणतात, पण आरशात न दिसणारी बाजूची जागा बघणारा तो या यंत्रणेचा एक भाग झाला. लेन सोडल्याचा इशारा देणारी यंत्रणाही यात धरली जाते ती मात्र चूक आहे, कारण ती कॅमेऱ्याने फक्त रस्त्यावरचे पट्टे बघते आणि इंडिकेटर दिला की बहुतेक गाड्यांत गप्प बसते. म्हणजे मुद्दाम लेन बदलताना तिचा उपयोग जवळजवळ नसतोच, तिथं बाजूला आणि मागं बघणारी यंत्रणाच लागते.

नावाबद्दल थोडं. अंधबिंदू, म्हणजे ब्लाइंड स्पॉट, हा शब्द मुळात डोळ्याच्या पडद्यावरच्या, जिथं पडलेलं दिसत नाही त्या जागेचा, फ्रेंच शास्त्रज्ञ एद्म मारियोत याने १६६० च्या दशकात दाखवून दिलेला. गाडीच्या बाबतीत तो बिंदू नसतो, तर आरशात दिसणारी हद्द जिथं संपते आणि समोर बघताना डोळ्याच्या कडेने जिथून दिसायला लागतं, त्या दोन्हींच्या मधला काही मीटरचा पट्टा असतो, म्हणून जाणकार ब्लाइंड झोन म्हणतात आणि तेच बरोबर वाटतं.

हा पट्टा नेमका कशामुळं, यावर मतभेद आहेत. अमेरिकेतले इंजिनिअर जॉर्ज प्लॅट्झर यांनी १९९५ मध्ये वाहन इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडलेल्या निबंधात भूमितीने दाखवलं की बाजूचे आरसे लोक फार आत वळवून ठेवतात, स्वतःच्या गाडीची कड दिसावी म्हणून, त्यामुळं बाजूचे आणि आतला आरसा तेच तेच दाखवतात आणि शेजारची लेन सुटते. आरसे बाहेर वळवले तर पट्टा बराचसा जातो. दुसरं मत असं की दोष आरशाच्या काचेचा आहे, अमेरिकेत ड्रायव्हरच्या बाजूला सपाट आरसा लागतो त्यात दृश्य अरुंद दिसतं आणि युरोपात चालणाऱ्या बहिर्वक्र आरशात जास्त दिसतं पण गाडी आहे त्यापेक्षा लांब भासते. प्लॅट्झर यांचं म्हणणं जास्त पटतं, कारण आरसा नीट लावायला खर्च काहीच नाही. पण नीट लावलेल्या आरशातही बघावं लागतंच, आणि न बघणाऱ्याला आरसा हाक मारत नाही, यंत्रणेची गरज तिथून सुरू होते.

सुरुवातीचं श्रेय साधारणपणे व्होल्वोला देतात. कंपनीने २००१ मध्ये सुरक्षेच्या कल्पना दाखवणारी एक गाडी मांडली होती आणि विक्रीच्या गाड्यांत ही यंत्रणा २००३ ते २००५ च्या सुमारास आली, नेमकं वर्ष मॉडेलचं धरायचं की घोषणेचं यावर ते बदलतं. तिच्यात रडार नव्हता, आरशाखाली छोटा कॅमेरा होता, तो सुमारे ९.५ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद पट्टा बघायचा. धुकं, चिखल, कॅमेऱ्यावर थेट पडणारं ऊन यात कॅमेरा अडायचा. ऑडीने २००५ च्या सुमारास मागच्या बंपरमध्ये रडार घातला आणि पुढं बहुतेकांनी तीच वाट धरली, व्होल्वोनेही.

रडार बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत आतून बसवतात. त्याने सोडलेल्या रेडिओ लहरी वस्तूवर आपटून परत येतात, त्यांच्या वारंवारतेत पडलेल्या फरकावरून मागची किंवा बाजूची वस्तू आपल्या तुलनेत किती वेगाने जवळ येतेय ते कळतं, आणि रेलिंग, खांब, उभ्या गाड्या आपल्याच वेगाने मागं पडतात म्हणून त्या वगळता येतात. आधी २४ गिगाहर्ट्झचे रडार जास्त होते, आता ७७ च्या आसपासचे येतात, त्यात जवळजवळच्या दोन गाड्या वेगळ्या ओळखणं सोपं जातं. इशारा दोन पायऱ्यांचा: शेजारी कोणी असेल तर आरशात दिवा लागतो, त्यावर इंडिकेटर दिला तर दिवा लुकलुकतो किंवा आवाज येतो. दिवा आरशातच ठेवलाय कारण नजर तिकडेच जायला हवी. मात्र जो इंडिकेटरच देत नाही त्याला बऱ्याच गाड्यांत ही दुसरी पायरी मिळत नाही, आणि हा मला या रचनेतला सगळ्यात मोठा कच्चा दुवा वाटतो.

आयएसओ १७३८७ हे २००८ चं आंतरराष्ट्रीय मानक या यंत्रणांचे तीन प्रकार करतं: फक्त शेजारचा पट्टा बघणारी, फक्त मागून जवळ येणारी गाडी बघणारी, आणि दोन्ही बघणारी. शेजारचा पट्टा आपल्या गाडीच्या मागच्या टोकापासून सुमारे ३ मीटर मागेपर्यंतच धरतात. मागची गाडी सेकंदाला २० मीटर जास्त वेगाने, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरच्या फरकाने येत असेल तर ७० मीटरचं अंतर साडेतीन सेकंदात संपतं. त्यामुळं पहिल्या प्रकारात दिवा लागेपर्यंत लेन बदलायला सुरुवात झालेली असू शकते, वेगवान रस्त्यावर तिसरा प्रकारच खरा कामाचा.

स्वतः लेन बदलणाऱ्या यंत्रणा २०१५ च्या सुमारास यायला लागल्या. संयुक्त राष्ट्रांच्या ७९ क्रमांकाच्या स्टीअरिंग नियमात त्यांच्यासाठी मागं किमान ५५ मीटर दिसायला हवं अशी अट आहे, आणि मागच्या गाडीला जोरात ब्रेक मारावा लागेल अशी स्थिती असेल तर लेन बदल सुरूच करायचा नाही.

परिणाम किती? अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने पोलिसांकडे नोंदलेल्या अपघातांवरून, यंत्रणा असलेल्या आणि नसलेल्या गाड्या ताडून, लेन बदलाचे अपघात सुमारे १४ टक्के आणि त्यातले कोणी जखमी झालेले अपघात सुमारे २३ टक्के कमी आढळल्याचं सांगितलंय. आपोआप ब्रेक मारणाऱ्या यंत्रणेने मागून धडकण्याचे अपघात जवळपास निम्मे होतात, त्यापुढं हे कमी दिसतं, कारण इथं बहुतेकदा शेवटचं काम माणसाचंच राहतं.

ट्रक आणि बससाठी सायकलस्वार ओळखण्याचा संयुक्त राष्ट्रांचा वेगळा नियम आहे, क्रमांक १५१. दुचाकींवर बीएमडब्ल्यूने २०१५ मध्ये एका स्कूटरवर अल्ट्रासोनिक (ऐकू न येणाऱ्या आवाजावर चालणारे) सेन्सर दिले, डुकाटीने २०२० मध्ये मागचा रडार.

बंपरवर साचलेला चिखल किंवा बर्फ, जाड स्टिकर, ओढलेला ट्रेलर यांनी रडार झाकला जातो आणि कडेने येणारी मोटारसायकल उशिरा दिसते किंवा दिसतच नाही. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या २०१८ च्या पाहणीत ही यंत्रणा वापरणाऱ्या जवळपास ८० टक्के ड्रायव्हरना या मर्यादा माहीत नव्हत्या किंवा चुकीच्या माहीत होत्या, आणि सुमारे चौथ्या हिश्श्याला मान वळवून न बघता फक्त यंत्रणेवर विसंबायला काही वाटत नव्हतं.