सॉकेटची फाइल मागं का उरते

परवा चाळीसगावला एका दुकानात बिलिंगचा प्रोग्राम सुरूच होईना. लाइट गेली, मशीन बंद पडलं, परत चालू केलं तर एकच एरर, ॲड्रेस ऑलरेडी इन यूज. पोर्टचा, म्हणजे नेटवर्कवर प्रोग्रामला मिळालेल्या नंबरचा, काही संबंध नव्हता, प्रोग्रामच्या फोल्डरमधी एक शून्य बाइटची फाइल पडलेली, लिस्टिंगमधी पहिलं अक्षर एस, म्हणजे सॉकेट, दोन प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायचं टोक. दुकानातला पोरगा म्हणे, "भो, हाई काय शे?" फाइल डिलीट केली, बिलं निघायला लागली, पण त्या पोराला नीट सांगायचं तर बरंच मागं जावं लागतं.

१९६४ ला अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत डग मॅकिलरॉय यांनी लिहून ठेवलं होतं की बागेतली नळी जशी जोडतो तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता यायला पाहिजेत. रावेर-यावलकडच्या केळीवाल्याला हे वेगळं समजवायला नको, पाइप कमी पडला की पुढं दुसरा जोडायचा. १९७३ ला केन थॉम्पसननी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममधे पाइप आणला, एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्यात. पण पाणी एकाच दिशेनं, आणि जोड फक्त भाऊबंदकीत, म्हणजे दोन्ही प्रोग्राम एकाच मूळ प्रोसेसपासून (चालू प्रोग्रामपासून) निघालेले पाहिजेत. नंतर नावाचा पाइप आला, फिफो, त्यानं परके प्रोग्राम पण बोलायला लागले, तरी दहा जणांनी एकाच पाइपात लिहिलं की कोणाचं काय आणि उत्तर कोणाला द्यायचं हा घोळ राहिलाच.

सुटका झाली ती दुसऱ्याच कामातून. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेला युनिक्समधे टीसीपी-आयपी, म्हणजे इंटरनेटवर बोलायचे नियम, पाहिजे होते, पैसा त्यांचा, काम बर्कली विद्यापीठाचं, आणि ऑगस्ट १९८३ ला त्यांचं युनिक्स, ४.२बीएसडी, निघालं. बिल जॉय, सॅम लेफलर या मंडळींनी सॉकेट फक्त नेटवर्कला बांधून ठेवलं नाही, हे मला सगळ्यात हुशारीचं वाटतं. बाइंड (पत्ता लावणं), लिसन (वाट बघणं), ॲक्सेप्ट (आलेल्याला घेणं), कनेक्ट (जोडणं) हे कॉल तेच, फक्त फॅमिली, म्हणजे पत्त्याचा प्रकार, बदलायची, एएफ इनेट म्हटलं की बाहेरगावी, एएफ युनिक्स म्हटलं की घरातल्या घरात. ॲक्सेप्ट प्रत्येक क्लायंटला वेगळी दुतर्फा लाइन देतो, म्हणून दहा जणांचा घोळ संपला. त्या ४.२ मधे तर खुद्द पाइपच आतून सॉकेटवर बांधला होता!

आता पत्ता कुठला द्यायचा? नेटवर्कला आयपी आणि पोर्ट, घरात मात्र त्यांनी फाइलचं नाव घेतलं. बाइंड केलं की फाइल तयार होते, डेटा तिच्यात जात नाही, तो कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, मेमरीतून फिरतो, फाइल म्हणजे नुसती दारावरची पाटी. प्रोग्राम मेला तरी पाटी कोणी काढत नाही, अनलिंक, म्हणजे फाइल डिलीट, आपणच करायचं, आणि पाटी आहे तोवर त्या नावानं नवीन बाइंड होत नाही. चाळीसगावचं दुखणं हेच. पाटीची लांबी पण मोजूनमापून, लिनक्सवर १०८ बाइट, त्यामुळं लई खोल फोल्डरात सॉकेट ठेवलं की गाडी अडते.

बाकी सॉकेटचा नेहमीचा प्रकार स्ट्रीम, म्हणजे नुसता प्रवाह, दोनदा लिहिलेलं एकाच वाचनात येऊ शकतं, मेसेज कुठं संपला ते आपणच ठरवायचं, पाइपवाले होते त्यांना सवय होती. मायएसक्यूएल या डेटाबेसला लोकलहोस्ट, म्हणजे हेच मशीन, सांगितलं की तो लिनक्सवर गुपचूप हेच घरातलं सॉकेट धरतो, त्याच मशीनचा आयपी १२७.०.०.१ टाकला तरच टीसीपी, यात आपल्याकडं किती जणांच्या रात्री गेल्या असतील. विंडोजमधे हे एएफ युनिक्स २०१८ ला आलं, विंडोज १० मधे, तेही फक्त स्ट्रीम, आणि तिथं पण फाइल मागं उरतेच.