पाण्याने आखलेल्या पायवाटा : आल्पुहाराचे पाझरते पाट

दक्षिण स्पेनमधील सिएरा नेवादा पर्वताच्या समुद्राकडील उतारावर आल्पुहारा नावाचा डोंगराळ मुलूख आहे. आयबेरियन द्वीपकल्पातील सर्वांत उंच असलेले ३,४७९ मीटरचे मुलासेन शिखर याच मुलखाच्या माथ्यावर उभे असून तेथून भूमध्य समुद्र सरळ रेषेत सुमारे ३५ किलोमीटरवर येतो. एवढ्याशा अंतरात इतकी उंची उतरायची म्हटल्यावर येथील दऱ्या खोल आणि चढ छातीवरचे असणार, हे उघड आहे. तरीही पोकेइरा नदीच्या खोऱ्यात, कापिलेइरा गावाच्या वरच्या अंगाने चालणाऱ्याला अधूनमधून अशी पायवाट लागते, जी डोंगराच्या कुशीतून जवळजवळ सपाटीने दूरवर जाते, प्रत्येक घळीत आत वळते, प्रत्येक सोंडेला वळसा घालते आणि चढ किंवा उतार फारसा जाणवू देत नाही. अशी वाट माणसाच्या पायांसाठी कोणी खोदत नाही. ती पाण्यासाठी खोदलेली असते, आणि तिच्या कडेने वाहणारा मातीचा अरुंद पाट दिसला की सपाटीचा उलगडा होतो.

या पाटांना तेथे असेकिया म्हणतात. आठव्या शतकापासून या भागात आलेल्या अरब आणि बर्बर शेतकऱ्यांनी त्यांचे जाळे उभे केले. पाण्याला वाहते ठेवायचे, पण काठ खरवडून जाईल एवढा वेग येऊ द्यायचा नाही, इतका मंद उतार डोंगरभर सांभाळणे हे त्यातले खरे कसब होते. पाट बांधला की त्याच्या खालच्या अंगाच्या काठावरून रोज कोणाला तरी फिरावेच लागते. कुठे बिळांनी काठ पोखरला, कुठे दरड आली, कुठे पाला अडकून पाणी काठावरून सांडू लागले, हे पाहावे लागते. हे काम करणाऱ्या पाटकऱ्याला तेथे असेकियेरो म्हणतात. शतकानुशतके त्याच्या येण्याजाण्याने मळलेल्या वाटांपैकी अनेकांवरून आज गिर्यारोहक चालतात. सिएरा नेवादात अशा पाटांची एकूण लांबी सुमारे ३,००० किलोमीटर भरते, असे त्यांचा अभ्यास करणारे सांगतात.

पाटांचे प्रकार मात्र दोन आहेत, आणि विज्ञानाच्या दृष्टीने दुसरा प्रकार अधिक विलक्षण आहे. पहिल्या प्रकारचे पाट नदीचे पाणी थेट शेताच्या ताटांपर्यंत, म्हणजे डोंगरउतारावर बांध घालून केलेल्या पायऱ्यांपर्यंत नेतात. पाणीपाळी ठरलेली असते आणि आपापल्या वेळी शेतकरी दारे धरतो. दुसऱ्या प्रकारचे पाट, ज्यांना कारेओचे पाट म्हणतात, ते शेताकडे जातच नाहीत. साधारण २,००० मीटरच्या आसपासच्या उंचीवर ते नदीतून पाणी उचलतात, उजाड उतारावरून लांबवर नेतात आणि ठराविक जागी ते मोकळे सोडून देतात. तेथे ते जमिनीत जिरते आणि डोळ्यांदेखत नाहीसे होते. वरवर पाहता एवढ्या कष्टाने आणलेले पाणी वाया घालवल्यासारखेच हे दिसते.

त्यामागचा हिशेब समजण्यासाठी तेथील ऋतुमान लक्षात घ्यावे लागते. भूमध्यसागरी हवामानात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. माथ्यावर साठलेला बर्फ वसंतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर वितळतो आणि पाणी लोंढ्याने खाली येते. उतार इतका तीव्र आहे की अडवले नाही तर ते पाहता पाहता समुद्राला मिळते. पिकांना आणि गुरांना पाण्याची निकड असते ती मात्र जुलै-ऑगस्टमध्ये. मध्ययुगात येथे पाणी साठवायला मोठी धरणे नव्हती, म्हणून येथील लोकांनी डोंगरालाच धरण केले.

हे शक्य झाले ते खडकामुळे. सिएरा नेवादाचा गाभा मुख्यतः अभ्रकयुक्त शिस्टचा, म्हणजे सुभाजा या रूपांतरित खडकाचा आहे. प्रचंड दाबाखाली तयार झालेला हा खडक चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखा थरांचा असतो. खोलवर तो घट्ट असून पाणी फारसे आत घेत नाही. पृष्ठभागालगतचा कित्येक मीटर जाडीचा भाग मात्र बर्फ, थंडी आणि उन्हाने भेगाळून आणि झिजून सैल झालेला आहे. वर सैल आणि खाली घट्ट अशा या रचनेमुळे जिरवलेले पाणी फार खोल हरवत नाही. सैल थरातून, उताराच्या दिशेने, ते सावकाश खाली सरकते आणि जेथे तो थर पातळ होतो किंवा दरी त्याला छेदते, तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते.

सगळी किमया या सावकाशीत आहे. ओढ्याचे पाणी सेकंदाला मीटरभर सहज धावते. खडकाच्या भेगांमधले पाणी दिवसाला काही मीटर सरकले तरी पुष्कळ. उदाहरणादाखल, पाणी जिरवण्याची जागा आणि झरा यांत ५०० मीटर अंतर आहे आणि भूजलाचा वेग दिवसाला ५ मीटर आहे असे धरले, तर मे महिन्यात जिरवलेले पाणी १०० दिवसांनी, म्हणजे ऐन ऑगस्टमध्ये, झऱ्यावर पोहोचेल. प्रत्यक्षात भेगांची रुंदी जागोजागी वेगळी असल्याने काही पाणी लवकर येते आणि काही फार उशिरा, पण त्यामुळेच झरा एकदम फुटून आटत नाही, तर दीर्घकाळ वाहत राहतो. कोणत्या जागी जिरवलेले पाणी कोणत्या झऱ्याला मिळते याचे ज्ञान पाटकऱ्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. अशीच पद्धत पेरूच्या आन्डीज पर्वतातही आढळते. तेथील हुआमान्तांगा गावाजवळ झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जिरवलेले पाणी सरासरी ४५ दिवसांनी झऱ्यांवर पोहोचत असल्याचे दिसले. काही पाण्याला दोन आठवडे लागले, तर काहीला आठ महिने.

पाटकऱ्यांचे हे ज्ञान अलीकडच्या काळात शास्त्रीय कसोटीवर तपासले गेले आहे. बेर्चुलेस गावाच्या पाणलोटात भूशास्त्रज्ञांनी झऱ्यांच्या पाण्यातील समस्थानिकांचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंचा, अभ्यास केला. पाण्याच्या काही रेणूंमध्ये ऑक्सिजनचा जड प्रकार असतो. ढग डोंगर चढू लागले की हे जड रेणू पावसातून आधी गळून पडतात, त्यामुळे जितके उंच जावे तितके तेथे पडणारे पाऊस-बर्फाचे पाणी हलके होत जाते. साधारणपणे दर १०० मीटर उंचीला जड ऑक्सिजनचे प्रमाण दर हजारी ०.२ ते ०.३ इतके घटते. म्हणून झऱ्याचे पाणी मूळचे कोणत्या उंचीवरचे, हे त्याच्या घडणीवरून ओळखता येते. गावालगतच्या झऱ्यात त्या उंचीच्या पावसापेक्षा हलके पाणी सापडले, तर ते वरच्या बर्फातून आले असे मानायला सबळ आधार मिळतो. जोडीला पाण्याची विद्युतवाहकताही मोजतात, कारण खडकात जितका अधिक काळ पाणी राहते तितके अधिक क्षार त्यात विरघळतात.

या खडकाची आणखी दोन रूपे चालताना सहज दिसतात. पांपानेइरा, बुबियोन आणि कापिलेइरा या पांढऱ्या गावांतील घरांची छपरे सपाट असतात. चेस्टनटच्या तुळयांवर पातळ फरश्या आणि त्यांवर लाउना नावाची करडी-निळसर चिकण माती पसरलेली असते. पापुद्र्यांचे खडक झिजून झालेली ही माती भिजली की तिचे कण एकमेकांना चिकटून पाण्याची वाट बंद करतात. डोंगरावर पाणी आत घेणारा खडक बारीक झाला की छपरावर पाणी अडवतो, हे मला फार मोलाचे निरीक्षण वाटते, कारण पाणी जिरणे हे खडकाच्या नावावर नव्हे, तर कणांच्या आणि भेगांच्या आकारावर अवलंबून असते, हे त्यातून नीट कळते. दुसरे रूप पोर्तुगोस गावाजवळच्या फुएन्ते आग्रिया या झऱ्यावर पाहावे. तेथील पाणी नैसर्गिक कार्बन डायऑक्साइडमुळे जिभेला चुरचुरते आणि त्यात लोह विरघळलेले असते. बाहेर येऊन हवेतील ऑक्सिजनशी संयोग होताच त्या लोहाचा गंज बनतो आणि खडकांवर तांबूस-केशरी थर चढतो.

मातीचा पाट वाटेतही पाझरतो, आणि जुन्या सिंचनशास्त्राने या पाझराला तोटा मानले. गळती थांबवावी म्हणून काही ठिकाणी पाट काँक्रीटचे झाले, काही ठिकाणी पाणी नळात बंद झाले. माझ्या मते ही गफलत होती. मातीच्या पाटाची गळती हाच त्याचा अर्धा उपयोग आहे. उन्हाने रापलेल्या उतारावर पाटाच्या रेषेलगत दिसणारी चेस्टनट आणि ओकची हिरवी पट्टी त्याच गळतीवर जगते, खालचे झरे तिच्यावर भरतात, आणि पायवाटेची सावलीही तिचीच असते. पाणी नळात गेले की शेताच्या तोंडाशी मोजलेला आकडा वाढतो, पण डोंगराच्या पोटातील साठा घटतो, आणि ही घट तोंडाशी बसवलेल्या मापकावर उमटत नाही.

पाटांवरचे मोठे संकट मात्र काँक्रीटच्या आधीच आले होते. १५६८ ते १५७१ या काळातील उठावानंतर मोरिस्को लोकांना, म्हणजे ख्रिस्ती धर्म घ्यावा लागलेल्या मुस्लिमांना आणि त्यांच्या वंशजांना, येथून हद्दपार करण्यात आले, तरी नव्याने वसवलेल्या शेतकऱ्यांनी पाट चालू ठेवले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तरुण माणसे कामासाठी शहरांकडे आणि परदेशी गेली, तेव्हा मात्र मनुष्यबळच उरले नाही. मातीचा पाट दरवर्षी उपसला नाही तर काही हंगामांतच बुजतो. २०१४ पासून ग्रानादा विद्यापीठातील पुरातत्त्वज्ञ होसे मारिया मार्तिन सिवान्तोस यांच्या पुढाकाराने स्वयंसेवक, विद्यार्थी आणि गावकऱ्यांनी फावडी-कुदळी घेऊन असे बंद पडलेले पाट पुन्हा वाहते केले. आल्पुहारातील कान्यार गावचा, कित्येक दशके कोरडा पडलेला बार्हास पाट हा त्यांतला एक. हिमवृष्टी अनिश्चित होत चालली असताना आणि बर्फ लवकर वितळू लागला असताना, आलेले पाणी लांबणीवर टाकणाऱ्या या व्यवस्थेची गरज वाढतच जाणार आहे.

सिएरा नेवादा १९८६ मध्ये युनेस्कोचे जीवावरण राखीव क्षेत्र आणि १९९९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. पर्वताला पूर्ण वेढा घालणारी सुमारे ३०० किलोमीटरची सुलाइर ही लांब पल्ल्याची वाट आहे. अशा वाटांवर पांढऱ्या-लाल, मध्यम वाटांवर पांढऱ्या-पिवळ्या आणि गावाभोवतीच्या छोट्या वाटांवर पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांच्या खुणा असतात. पाटाच्या काठावरून चालताना काठ ढासळणार नाही याची काळजी घ्यावी आणि पाणी अडवणाऱ्या-वळवणाऱ्या फळ्यांना हात लावू नये, कारण एक फळी सरकली तरी कोणाची तरी पाळी बुडते. पाण्याचा संपूर्ण प्रवास पाहायचा असेल तर वसंताच्या अखेरीस जावे. त्या दिवसांत वरच्या पाटात वितळलेल्या बर्फाचे पाणी धावत असते, जिरवणीच्या जागा चिंब असतात, आणि त्याच दिवशी खाली उतरून आठवड्यांपूर्वी जिरलेले पाणी गावच्या झऱ्यावर पिता येते.