तापानंतरचं पुरळ: रोझिओलोव्हायरसची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात वर्षाच्या आतबाहेरच्या बाळाला ताप येऊन अंगावर उठलं, की घरात एकच शब्द निघतो: गोवर. सरकारी दवाखान्यातल्या कन्नड फलकावर त्याच गोवराला 'दडार' म्हणतात. रोझिओला म्हणजे लहान बाळांना विषाणूमुळे येणारा ताप, जो उतरला की अंगावर पुरळ उठतं. त्याला मात्र घरोघरच्या बोलण्यात, मराठीत काय आणि कन्नडमध्ये काय, वेगळं नाव नाही. त्यामुळे हा आजार वर्षानुवर्षं गोवराच्याच खात्यावर जमा होत आला आहे.

वडगावात शेजारच्या घरी मी पाहिलेलं बाळ दहा महिन्यांचं होतं. तीन दिवस अंग तव्यासारखं तापलेलं, ना सर्दी ना खोकला. "दात येतायत, दुसरं काही नाही," असं आजींचं म्हणणं. चौथ्या दिवशी सकाळी ताप उतरला आणि झबलं वर केलं तर पोटावर, पाठीवर गुलाबी बारीक ठिपके. बोटानं दाबले की फिके पडायचे. तोवर आजींनी पाळण्यात कडुलिंबाचा पाला ठेवला होता आणि घरात फोडणी बंद केली होती. बाळ मात्र वाटी आपटत खेळत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठिपके गेलेही.

गोवर असा वागत नाही. गोवरात खोकला, नाक गळणं, डोळे लाल होणं आधी येतं, पुरळ कानामागून आणि चेहऱ्यावरून खाली उतरतं आणि ते उठताना ताप चढलेला असतो. रोझिओलात ताप उतरला की पुरळ येतं आणि ते छाती-पोटापासून सुरू होतं. एवढा एक क्रम लक्षात ठेवला तरी पुष्कळ घोळ टळेल.

हा घोळ नुसत्या शब्दापुरता नाही. गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, दुसरा सोळा महिन्यांनंतर. नेमक्या याच वयात रोझिओला येतो. मग "लस टोचली तरी गोवर आलाच की," हे वाक्य गल्लीभर फिरतं. त्यात लसीनंतर आठ-दहा दिवसांनी काही बाळांना थोडा ताप आणि हलकं पुरळ येतं, त्याची भर पडते. फेब्रुवारी 2017 मध्ये गोवर-रुबेला मोहीम पहिल्या टप्प्यात कर्नाटकात आली, तेव्हा लसीविरुद्धच्या अफवा मोबाईलवरून जोरात पसरल्या होत्या. महाराष्ट्रात मोहीम नोव्हेंबर 2018 मध्ये सुरू झाली. म्हणजे बेळगावातल्या मुलाला लस मिळाली आणि सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगडच्या मामेभावाला मिळाली नाही, असा दीड वर्षाहून जास्त काळ एकाच गोतावळ्यात गेला. लसीच्या बऱ्यावाईट गोष्टी अशा वेळी सोयऱ्याधायऱ्यांकडूनच कळतात. म्हणून मला वाटतं, दवाखान्यात पुरळ बघून "गोवरासारखं आहे" असं मोघम सांगणं चुकीचं आहे. ज्या घरात हे वाक्य ऐकलं जातं, तिथे पुढच्या डोसाला जाण्यासाठी आईचा पाय जड होतो.

दुसरी चूक ॲलर्जीची. तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिक सुरू होतं. विषाणूवर त्याचा उपयोग नसतो. चौथ्या दिवशी आपसूक पुरळ येतं आणि फाईलवर लाल शाईनं त्या औषधाची ॲलर्जी लिहिली जाते. पुढे खरंच न्यूमोनिया झाला, तर हाताशी असलेलं साधं औषध टाळावं लागतं.

आजाराचं वर्णन अमेरिकेत 1910 साली झालं, पण त्याचं कारण सापडायला पाऊणशे वर्षं लागली. 1986 मध्ये अमेरिकेतल्याच एका प्रयोगशाळेत रक्ताचे विकार आणि एड्स असलेल्या रुग्णांच्या पेशींत नवा नागीणवर्गी (हर्पिस) विषाणू सापडला. तो बी पेशींवर (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) जगतो असं समजून त्यावरूनच त्याचं नाव ठेवलं. पुढे तो मुख्यतः टी पेशींत, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींत, वाढतो हे कळल्यावर नाव बदलून मानवी हर्पिस विषाणू-6 झालं. 1988 मध्ये जपानी संशोधकांनी त्याचा बाळांच्या तापाशी संबंध दाखवला. 1990 मध्ये त्याचा भाऊ, क्रमांक 7, सापडला. 6ए आणि 6बी हे एकाचेच दोन प्रकार की दोन वेगळे विषाणू, हा वाद 2012 मध्ये वेगळेपणाच्या बाजूनं सुटला. 6ए, 6बी आणि 7 या गटालाच रोझिओलोव्हायरस म्हणतात. बाळांचा ताप बहुतेक वेळा 6बीचा असतो.

दोन-तीन वर्षांची होईपर्यंत बहुतेक सगळ्या मुलांना हा विषाणू होऊन गेलेला असतो आणि तो जन्मभर शरीरात दबून राहतो. बाळपणी खरी भीती तापातल्या झटक्यांची. अशा वेळी कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात काही घालू नये. बाळाला कुशीवर झोपवून थेट डॉक्टरांकडे न्यावं. मोठेपणी धोका असतो तो प्रतिकारशक्ती दाबलेल्यांना. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर दबलेला विषाणू उठून मेंदूला सूज आणू शकतो. सुमारे एक टक्का लोकांच्या गुणसूत्रांतच हा विषाणू जोडलेला असतो आणि तो आईवडिलांकडून मुलांना जातो. अशांच्या रक्ताची तपासणी आजार नसतानाही पॉझिटिव्ह येते.

जनावरांतही याची भावंडं आहेत: उंदरात, काही माकडांत आणि डुकरात. 'माकड' आणि 'विषाणू' हे शब्द एकत्र आले की आपल्याकडे माकडताप आठवतो. पण तो गोचिडीतून येणारा, पूर्णपणे वेगळा आजार आहे. डुकराच्या विषाणूला सायटोमेगालो (हे नागीणवर्गातल्याच दुसऱ्या गटाचं नाव) म्हणण्याची पद्धत जुनी. तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना त्यानं शिंका येतात, नाक वाहतं. तो खरा रोझिओलोव्हायरस आहे हे नंतर ठरलं, तरी जुनं नाव काही सुटलं नाही. जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेत जनुकबदल केलेल्या डुकराचं हृदय एका रुग्णाला बसवलं. रुग्ण दोन महिन्यांनी दगावला आणि त्या हृदयात हाच विषाणू आढळला. मृत्यूचं कारण एकच नव्हतं. विषाणूनं रुग्णाच्या स्वतःच्या पेशींना लागण केल्याचा पुरावाही मिळाला नाही. पण बबून माकडांवरच्या आधीच्या प्रयोगांत विषाणू असलेली हृदयं खूप लवकर निकामी झाली होती, हे माहीत होतं. दाता डुकराच्या नाकातला नमुना निगेटिव्ह होता. विषाणू आत दबलेला होता, नाकात सापडणार कसा? आता त्यासाठी नाकातल्या नमुन्यावर न थांबता रक्तातली प्रतिपिंडं (विषाणूविरुद्ध शरीर तयार करतं ती प्रथिनं) ही तपासावीत, असा आग्रह धरला जातो.