लाल मुलूख, पिवळा मुलूख: खालसा आणि संस्थान यांत फरक काय?

‘इंग्रजांनी आपल्यावर राज्य केलं’ हे वाक्य पुण्याच्या माणसाने म्हटलं तर कुणी हरकत घेत नाही. कोल्हापूरकर मात्र म्हणतो, ‘आमच्याकडे छत्रपती होते.’ परभणीकर म्हणतो, ‘आमच्यावर निजाम होता, इंग्रज कुठला?’ तिघांचंही म्हणणं खरं आहे, पण तिघांचंही अर्धंच. इंग्रजांच्या काळातला हिंदुस्थानचा जुना नकाशा पाहिला तर लाल आणि पिवळ्या रंगांची गोधडी दिसते. लाल म्हणजे खालसा मुलूख, पिवळा म्हणजे संस्थानी. १९४७ साली साडेपाचशेहून जास्त संस्थानं होती आणि त्यांनी देशाची सुमारे दोन पंचमांश जमीन व्यापली होती.

‘खालसा’ हा शब्द इंग्रजांनी आणलेला नाही. मोगलाईपासून तो चालत आला. ज्या जमिनीचा सारा मध्ये कुणी जहागीरदार न ठेवता थेट सरकारी खजिन्यात जातो ती खालसा. इंग्रजी अमदानीत अर्थ तोच राहिला, फक्त खजिना बदलला. पुणे, नगर, नाशिक, खानदेश, रत्नागिरी हा मुलूख पेशवाई बुडाल्यावर, १८१८ साली, खालसा झाला. इथे कलेक्टर इंग्रजांचा, कायदा इंग्रजांचा, आणि १८६२ नंतर अपील मुंबईच्या हायकोर्टात. तिथेही हरलात आणि पैसा असेल तर थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे साम्राज्यातल्या शेवटच्या अपिलाच्या जागेपर्यंत.

संस्थानात यातलं काहीच थेट नव्हतं. राजा स्वतःचा, दरबार स्वतःचा, न्यायाधीश आणि मामलेदारही दरबारचे. हैदराबादेत तर नाणंही स्वतःचं, हाली सिक्क्याचा रुपया. कायद्याच्या दृष्टीने संस्थानची रयत ब्रिटिश प्रजाही नव्हती. मग हे स्वतंत्र राज्य नव्हे काय? नव्हे. परराष्ट्राशी बोलायचं नाही, शेजारच्या संस्थानाशीसुद्धा परस्पर करार करायचा नाही, फौज ठेवायची ती इंग्रज म्हणतील तेवढीच. दरबाराजवळच्या बंगल्यात इंग्रजांचा प्रतिनिधी, रेसिडेंट किंवा पोलिटिकल एजंट, बसलेला असे. त्याने दिलेल्या ‘सल्ल्या’ला नाही म्हणण्याची किंमत काय, हे प्रत्येक राजाला ठाऊक होतं.

खरी गंमत ही की इंग्रजी सत्ता वाढली ती आधी पिवळ्या रंगाने, लाल मागाहून आला. तैनाती फौजेचा तह हे त्याचं यंत्र. निजामाने १७९८ साली तो स्वीकारला. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला सही केली. ईस्ट इंडिया कंपनीची फौज तुमच्या संरक्षणासाठी तुमच्या मुलखात राहणार, तिचा खर्च तुम्ही द्यायचा. पेशव्याने त्यासाठी वर्षाला २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. जो राजा रोख देत असे त्याची बाकी थकत असे, आणि थकबाकीपोटी मुलूख जाई. म्हणजे हिंदुस्थान जिंकणाऱ्या फौजेचा मोठा खर्च हिंदुस्थानी राजेच भरत होते. याहून स्वस्तात साम्राज्य कुणी उभारलं असेल असं मला वाटत नाही.

सातारची गोष्ट पाहिली की पिवळ्याचा लाल कसा होतो हे कळतं. पेशवाई बुडवल्यावर इंग्रजांनीच प्रतापसिंह महाराजांसाठी सातारचं संस्थान उभं केलं, १८१९ साली तह केला. महाराज आपल्या मर्जीने वागू लागले तेव्हा १८३९ साली त्यांना गादीवरून उतरवून काशीला पाठवलं. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे दाद मागत राहिले. मधल्या काळात, १८४८ साली, गादीवर बसवलेले भाऊ शहाजी वारले, गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि सातारा खालसा झालं. नागपूर आणि झाशी त्याच वाटेने गेली. अयोध्येला (म्हणजे अवधच्या राज्याला) तर वारसाचा प्रश्नही नव्हता; कारभार वाईट म्हणून १८५६ साली घेतली.

हे सत्र १८५७ ने थांबवलं. त्या वर्षी शिंद्यांचा दरबार आणि निजाम इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. ही संस्थानं वादळात लाटा थोपवणाऱ्या बांधासारखी उपयोगी पडली, असं खुद्द गव्हर्नर जनरल कॅनिंगने म्हटलं. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात आणखी मुलूख नको असं वचन आलं, पुढे दत्तक मान्य करणाऱ्या सनदा राजांना मिळाल्या. पिवळा रंग तिथे गोठला. हीच तऱ्हा पुढे आफ्रिकेतही दिसली: उत्तर नायजेरियामध्ये इंग्रज अधिकारी लुगार्डने तिथले अमीर गादीवर ठेवून रेसिडेंटमार्फत राज्य केलं. हा गृहस्थ जन्मला होता मद्रासेत.

गोठला म्हणजे मोकळा झाला असं नाही. गादी खालसा होणार नव्हती, पण गादीवरचा माणूस बदलता येत होता. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांच्यावर रेसिडेंट कर्नल फेअरला विष घालण्याच्या प्रयत्नाचा आरोप आला. चौकशी मंडळात तीन इंग्रज, तीन हिंदी. मतंही तशीच फुटली. तरी १८७५ साली महाराजांना काढलं, कारण दिलं गैरकारभाराचं. त्यांच्या जागी कवळाणे गावातून एक मुलगा आणला. गंमत अशी की कवळाणे नाशिक जिल्ह्यातलं, म्हणजे खालसा मुलखातलं. तोच सयाजीराव.

कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांना वेडे ठरवून नगरच्या किल्ल्यात ठेवलं, तिथेच १८८३ साली त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या छळावर लिहिलं म्हणून टिळक-आगरकरांना १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. खटला भरला होता तो संस्थानच्या कारभाऱ्याने, बर्वे यांनी. दरबार कोल्हापूरचा, तुरुंग मुंबईतला.

पण ‘संस्थान म्हणजे नुसती बाहुली’ असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. खालसात जे घडत नव्हतं ते संस्थानात घडू शकत होतं, राजा तसा असला तर. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापुरात मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या. सयाजीरावांनी १९०६ साली बडोद्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. बेळगावातून उठावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी माळरान दिलं. त्यावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. याच औंधने १९३९ च्या सुरुवातीला रयतेला राज्यघटना दिली, आणि नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा बालेकिल्ला असलेलं कुंडलही औंध संस्थानातच होतं. राजा तसा नसला तर मात्र रयतेला ना दरबारात दाद, ना मुंबईच्या हायकोर्टात.

उतरणीच्या काळात हाच पिवळा रंग इंग्रजांच्या पायात आला. १९३५ च्या कायद्यातलं, प्रांत आणि संस्थानं मिळून व्हायचं संघराज्य संस्थानिकांच्या संमतीवर अडलं. ती पुरेशी मिळाली नाही आणि संघराज्य कागदावरच राहिलं. १९४७ चा स्वातंत्र्याचा कायदा आला तेव्हा खालसा मुलूख दोन डोमिनियनांच्या, म्हणजे भारत आणि पाकिस्तानच्या, हाती गेला, संस्थानांवरची सार्वभौम सत्ता मात्र कुणाकडेच न देता संपवली. कायद्याच्या भाषेत राजे मोकळे झाले. सरदार पटेल आणि त्यांच्या संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांनी सामीलनाम्यात, म्हणजे भारतात सामील होण्याच्या करारात, मागितलं काय? संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, दळणवळण. म्हणजे ढोबळमानाने इंग्रजांकडे आधीपासून असलेलंच. बहुतेकांच्या सह्या पटापट झाल्या यात मग नवल नाही. खरं नवल पुढच्या दीड-दोन वर्षांत झालं: दख्खनची छोटी संस्थानं मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात गेली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला, बडोदा त्यानंतर दोन महिन्यांनी. आपल्याकडे जुनी माणसं याला ‘संस्थानं खालसा झाली’ म्हणतात. शब्द डलहौसीच्या काळचाच, साताऱ्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी; कागदावरचा शब्द मात्र ‘विलीनीकरण’ होता. (गोवा यातल्या कुठल्याच रंगात नव्हतं. तो पोर्तुगीजांचा तिसरा रंग, १९६१ पर्यंत टिकला.)

वऱ्हाडी वाचक आतापर्यंत चुळबुळत असेल, की आम्ही कुठल्या रंगातले? नियमाला अपवाद ठरलेला मुलूख तो हाच. वऱ्हाड निजामाचं. इंग्रजांनी लादलेल्या कंटिन्जंट फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ साली ते कंपनीच्या ताब्यात गेलं. १९०२ साली व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला २५ लाखांवर ते कायमच्या पट्ट्याने घेतलं आणि मध्य प्रांताला जोडलं. कागदावर मालकी निजामाची, १९३६ पासून त्याच्या थोरल्या मुलाचा किताबही ‘प्रिन्स ऑफ बेरार’. कलेक्टर आणि कचेरी मात्र इंग्रजांची. म्हणून १५ ऑगस्ट १९४७ ला वऱ्हाडातल्या देऊळगाव राजाला तिरंगा लागला. तिथून काही मैलांवरच्या जालन्याला तो लागायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला, हैदराबादेवर लष्करी कारवाई होऊन निजामाने शरणागती पत्करली तेव्हा. मराठवाड्यात आजही झेंडावंदन दोनदा होतं, ऑगस्टात एकदा आणि सप्टेंबरात एकदा.